रायनिया: ना मूळ, ना पान

मागच्या तीन भागांत आपण तोफा, रसद आणि डोंगरी लढाया यांबद्दल बोललो. त्यामुळे आज मी एका वीतभर झुडपाबद्दल बोलणार म्हटल्यावर आमच्या घरातच पहिला आक्षेप आला. झुडूपही कसलं? मूळ नाही, पान नाही, फूल नाही, बी नाही. नुसती हिरवी काडी. तीही चाळीस कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेली. "हे कोण ऐकणार?" असं सौ.ने विचारलं. मी म्हटलं, भिलाईत राहणाऱ्या माणसाने तरी ऐकायलाच हवं.

का, ते आधी सांगतो.

माझे बाबा १९६१ मध्ये वर्धा जिल्ह्यातून भिलाईला आले आणि पोलाद कारखान्यात लागले. रशियाबरोबर करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला, आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ ला. ह्या दोन तारखा आम्हा भिलाईच्या पोरांना पाढ्यांसारख्या पाठ असायच्या. आमच्या लेखी गावाचा इतिहास तिथेच सुरू व्हायचा. त्याआधी काय होतं? भाताची शेतं, तळी, एवढंच.

पण भट्टीत काय पडतं ते पाहा. वरून तीन गोष्टी जातात: लोहखनिज, कोक आणि चुनखडी. खनिज येतं दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. ते खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. चुनखडी येते नंदिनीच्या खाणीतून, अगदी जवळून. रायपूर-दुर्ग पट्ट्यातल्या ह्या चुनखडकांत कोबीचा गड्डा मधोमध कापल्यासारखे थर दिसतात, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत गेला, पुन्हा थर, पुन्हा गाळ, असे ते तयार झाले. वय साधारण शंभर कोटी वर्षं. तेव्हा जमिनीवर झाड नावाची गोष्ट नव्हती. आणि तिसरा कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेला. भिलाईचा कोकिंग कोळसा झरियाकडून आणि परदेशातून येतो. आपल्या छत्तीसगडचा कोरब्याचा कोळसा विजेसाठी जळतो. पण झरिया काय, कोरबा काय, दोन्ही गोंडवन काळातले, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचे.

म्हणजे भट्टीत दोन गोष्टी झाडं येण्याआधीच्या आणि एक झाडं आल्यानंतरची. मधलं काय? उघड्या खडकावर झाड आलं कधी, आणि आलं कसं? ते पान आपल्या भागातल्या खडकांच्या पुस्तकातून फाटलेलं आहे. नंदिनीच्या चुनखडकानंतर आपल्याकडे जे पुढचे मोठे थर आहेत ते थेट गोंडवनचे. मध्ये सुमारे सत्तर कोटी वर्षांची फट. काही साचलंच नाही, किंवा साचलं ते झिजून गेलं.

ही फट पाहायची असेल तर मनेंद्रगडला जा. हसदेव नदीच्या पात्रात भूवैज्ञानिक एस. के. घोष यांना १९५४ मध्ये समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडले होते. हिमयुगाच्या शेवटी समुद्राचा एक फाटा इथवर आत शिरला होता, त्याची ही खूण. हा समुद्री थर बसलाय तो एकदम प्राचीन ग्रॅनाइटवर. खालचा गुळगुळीत खडक आणि वरचा शिंपल्यांचा थर ह्यांच्या सांध्यावर मी तळहात ठेवून उभा होतो. हाताच्या एका बाजूला झाडं नाहीत, दुसऱ्या बाजूला झाडांची दुनिया. जमिनीवर हिरवळ आली ती गोष्ट माझ्या दोन बोटांच्या मध्ये कुठेतरी होती, आणि तिथे काहीच नव्हतं.

ते फाटलेलं पान सापडलं स्कॉटलंडमध्ये. एका शेताच्या बांधात.

अ‍ॅबर्डीनच्या पश्चिमेला रायनी नावाचं खेडं आहे. १९१० ते १९१३ च्या सुमारास विल्यम मॅकी नावाचे एक डॉक्टर त्या भागात खडकांचा नकाशा करत हिंडत होते. व्यवसायाने वैद्य, एल्गिन गावात दवाखाना, भूशास्त्र हा छंद. आपल्याकडे विदर्भात शेतातले दगड वेचून बांधावर रचतात ना, तशा तिथे दगडांच्या कोरड्या भिंती असतात. चुना नाही, माती नाही, नुसती रचाई. अशा भिंतीत मॅकींना गारगोटीसारखे करडे-काळे दगड दिसले. चर्ट म्हणतात त्याला. एका ठोक्यात धारदार कपची निघते. त्यात काड्यांसारखे आडवे-उभे ठिपके होते. मॅकींनी दगडाचे पातळ काप काढून घेतले. दगडाची चकती काचेला चिकटवायची आणि आरपार उजेड दिसेपर्यंत घासत राहायची. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसल्या पेशी. ठसा नव्हे, कोळशाची रेघ नव्हे, तर एकेक पेशीची भिंत, जशी जिवंतपणी होती तशी.

तो थर जमिनीवर कुठे डोकावतच नव्हता. १९१३ मध्ये तिथे चर खणले, तेव्हा मूळ थर मिळाला.

असं टिकलं कसं? रायनीला तेव्हा गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका होती. पाणी पसरलं की झाडं जागच्या जागी भिजायची, सिलिका पेशीपेशीत शिरायची आणि कुजायच्या आत सगळं काचेसारखं घट्ट व्हायचं. काही काड्या अजून उभ्याच आहेत. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षं उभ्या आहेत. जवान सावधानमध्ये उभा राहतो तसं म्हणणार होतो, पण इतका वेळ कुणी उभं राहत नाही.

आता थोडं मागे जायला हवं. कारण ह्या काड्या कुणीतरी आधीच पाहिल्या होत्या आणि त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

जॉन विल्यम डॉसन. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा माणूस, पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा प्राचार्य. त्याने १८५९ मध्ये गास्पे किनाऱ्यावरच्या जीवाश्मांवरून एका वनस्पतीचं वर्णन छापलं. नाव दिलं सायलोफायटन, म्हणजे उघडी, बोडकी वनस्पती. जमिनीलगत आडवं खोड, त्यातून वर येणाऱ्या काड्या, प्रत्येक काडीला दोन फाटे, मोठी पानं नाहीत, टोकाला बीजाणूंच्या पिशव्या लोंबताहेत. १८७० पर्यंत त्याने चित्रही पुरं केलं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. असं झाड असतं कुठे? मूळ-खोड-पान ही तर झाडाची व्याख्या. कुणाला वाटलं हे नेच्याचे मोडके देठ असावेत, कुणाला वाटलं शेवाळ असेल. सुमारे साठ वर्षं ते चित्र तसंच पडून राहिलं.

डॉसनची बाजू घेताना एक मान्य करायला हवं. त्याच्या चित्रात गडबड होती. वेगवेगळ्या वनस्पतींचे तुकडे त्याने एकाच झाडाला जोडले होते, हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झालं. तेव्हा शंका घेणारे अगदीच मूर्ख नव्हते. पण त्यांनी शंका घेतली ती तुकड्यांच्या जोडणीवर नाही. असं झाड असूच शकत नाही, यावर घेतली. आणि आणखी एक गंमत. हा डॉसन डार्विनचा कट्टर विरोधक. सायलोफायटनचं वर्ष १८५९, डार्विनच्या ग्रंथाचं वर्षही १८५९. उत्क्रांती न मानणाऱ्या माणसाच्या हातूनच वनस्पतींच्या उत्क्रांतीचा पहिला मोठा पुरावा नोंदवला गेला.

इथे मी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी लेफ्टनंट होतो, नवा कोरा. डोंगराळ भागात होतो. कुठे ते सांगत नाही. रात्रीच्या गस्तीवरून परतलेल्या हवालदाराने सांगितलं, "साहेब, नकाशात नाला जिथे दाखवलाय तिथे नाही. दरड कोसळून तो पूर्वेला सरकलाय. तिथून उतरता येणार नाही." मी नकाशा पाहिला. छापील, सरकारी, पाच रंगांचा. आणि ह्या माणसाचे बूट चिखलाने माखलेले. मी अहवालात लिहिलं, गस्तीचा दिशाभ्रम झाला असावा. दुसऱ्या दिवशी आमची तुकडी त्या नसलेल्या नाल्याशी चार तास अडकली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. तो हवालदार नंतर एका शब्दानेही बोलला नाही. ते न बोलणं मला अजून आठवतं. डॉसनची फाईल वाचताना मला त्याचे बूट दिसतात.

हे फक्त परदेशात होतं असं नाही. राजहऱ्याच्या लोहखनिजाची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्येच केली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरला आले, तेव्हा तिथल्या संग्रहालयात वाट पाहत असताना दुर्ग जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा त्यांच्या नजरेला पडला, असं सांगतात. टाटांनी डोंगर तपासले, पण कारखाना उभा राहिला साकचीला, आजच्या जमशेदपूरला. भिलाईची भट्टी पेटायला १९५९ उजाडलं. नोंदीपासून बहात्तर वर्षं. असो.

परत रायनीकडे. मॅकींचे दगड रॉबर्ट किडस्टन यांच्याकडे गेले. तेही मूळचे बँकेतले नोकरदार, ग्लासगोच्या बचत बँकेत होते, पुढे स्टर्लिंगला राहून आयुष्यभर जीवाश्म वनस्पतींवर काम केलं. त्यांच्याबरोबर मँचेस्टरचे प्राध्यापक विल्यम लँग. दोघांनी मिळून १९१७ ते १९२१ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पाच निबंध छापले. पहिलं वर्ष लक्षात घ्या, १९१७. युरोप खंदकांत बसलाय, माणसं हजारांनी मरताहेत, आणि दोन माणसं दगड घासून घासून काडीचं पोट पाहताहेत. मी सैनिक असूनही मला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

त्या पहिल्या निबंधात त्यांनी वनस्पतीचं नाव ठेवलं रायनिया ग्विन-व्हॉनाय. गावावरून रायनिया. आणि ग्विन-व्हॉन हे किडस्टन यांचे जुने सहकारी. दोघांनी मिळून नेच्यांच्या जीवाश्मांवर मोठं काम केलं होतं. ते १९१५ मध्ये वारले. आता फौजी माणसाला इथे थांबावंच लागतं. त्यांच्या पत्नी हेलन ग्विन-व्हॉन ह्याही वनस्पतिशास्त्रज्ञ, बुरशीच्या अभ्यासक, लंडनच्या बर्कबेक कॉलेजात विभागप्रमुख. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी, त्याच १९१७ मध्ये, ब्रिटिश सैन्याने स्त्रियांचं पहिलं सहायक दल उभारलं आणि त्याच्या फ्रान्समधल्या प्रमुख म्हणून ह्या बाई गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी १९३९ मध्ये स्त्रियांच्या सहायक दलाच्या पहिल्या संचालकही त्याच झाल्या. मला आमच्या अकादमीत कुणी हे नाव सांगितलं नव्हतं. मी ते शोधलं एका झुडपामुळे. नवऱ्याचं नाव दगडात गेलं आणि बाईंचं नाव फौजेच्या इतिहासात, एकाच वर्षी.

आता ही रायनिया होती कशी ते पाहू. उंची साधारण २० सेंटिमीटर. काडी दोन-तीन मिलिमीटर जाड, म्हणजे उदबत्तीपेक्षा जरा जाड. जमिनीलगत आडवी पसरलेली, तिला खालून केसांसारखे तंतू, ते मुळाचं काम करणारे पण मुळं नव्हेत. वर उभ्या काड्या, त्यांना फाटे, काहींच्या टोकाला बीजाणूंची पिशवी. अंगावर मेणचट साल, पाणी उडू नये म्हणून. आणि सालीत बारीक छिद्रं, श्वासासाठी. आजच्या आंब्याच्या पानाला असतात तशीच रंध्रं, दोन बाजूंना दोन पेशींचे ओठ असलेली. पान नव्हतं, पण पानाची खिडकी होती.

आणि काडीच्या मधोमध एक बारीक धागा. सगळी गोष्ट ह्या धाग्याची आहे.

शेतकरी मंडळींना लगेच कळेल. विहिरीवर पंप बसवता तेव्हा ओढणाऱ्या बाजूला साधा रबरी पाइप चालतो का? चालत नाही. पंपाने ओढ घेतली की तो चपटा होतो. म्हणून सक्शनच्या पाइपात आतून तारेचं वेटोळं असतं. झाडाचंही तेच. वर पाण्याची वाफ होते, तिच्या ओढीने पाणी खालून वर चढतं, आणि नळी कच्ची असेल तर ती मिटते. रायनियाच्या त्या धाग्यातल्या नळ्यांना आतून वेटोळ्यासारखी जाड पट्टी होती. तिला संवहनी वनस्पती म्हणतात ते एवढ्यासाठी. मुळं नंतर आली, पानं नंतर आली, लाकूड नंतर आलं, पण पाइप आधी आला. जगातला प्रत्येक सागवान, प्रत्येक भाताचं रोप, कोरब्याच्या कोळशातलं प्रत्येक झाड ह्याच पाइपावर उभं राहिलं. पुढे पाइपाच्या भिंती लिग्निनने अधिकाधिक कडक झाल्या, त्यांचे गठ्ठे झाले, त्याला आपण लाकूड म्हणतो. ते दलदलीत गाडलं गेलं की कोळसा.

किडस्टन आणि लँग यांना दुसरी एक रायनियाही मिळाली होती, जरा जाड. तिला त्यांनी रायनिया मेजर म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात हीच आकृती काढली. मीसुद्धा दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.ला काढली, वहीत अजून आहे, शेरा 'सुबक'. मग डेव्हिड एडवर्ड्स यांनी जुने-नवे काप नीट तपासले आणि १९८६ मध्ये सांगितलं की हिच्या नळ्यांत ते वेटोळंच नाही. मोठी म्हणून जिला मिरवलं तिच्याकडे साधा रबरी पाइप होता. तिला रायनिया घराण्यातून काढून अ‍ॅग्लाओफायटन असं वेगळं नाव मिळालं. म्हणजे शेजारीशेजारी दोन झुडपं वाढत होती, एकसारखी दिसणारी. एक आपल्या सगळ्या झाडांच्या घराण्यातली, आणि दुसरी घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबलेली. माझ्या वहीतली आकृती उंबरठ्याबाहेरचीच निघाली. 'सुबक' शेरा मात्र कायम.

त्या अ‍ॅग्लाओफायटनच्या पेशींत १९९४ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. झाडाच्या मुळाशी राहून मातीतलं पोषण शोषून देणारी बुरशी, तिच्या फांद्या-फांद्यांच्या रचनेसह. आज आपल्या ज्वारी-तुरीच्या मुळांत असते तीच जात. मूळ यायच्या आधी मुळाचा सोबती हजर होता.

रायनीच्या दगडात प्राणीही सापडले. १९२६ मध्ये त्यातल्या एका किडीसारख्या जीवाला रायनिएला प्रीकर्सर हे नाव देणाऱ्या दोघांपैकी एक होते एस. मौलिक, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे भारतीय कीटकतज्ज्ञ. सहा पायांच्या प्राण्यांत सर्वांत जुन्यांपैकी हा एक. भारतात रायनीचा खडक नाही, पण रायनीच्या कागदपत्रांत भारतीय सही आहे.

रायनिया काही पहिली नव्हे, हेही सांगायला हवं. लँग यांनीच १९३७ मध्ये वेल्सच्या सीमेवरच्या खडकांतून आणखी जुनी, आणखी छोटी वनस्पती वर्णन केली आणि ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल कुकसन ह्या सहकारी संशोधिकेवरून तिला कुकसोनिया म्हटलं. आयर्लंडमधली कुकसोनिया त्रेचाळीस कोटी वर्षांच्या आसपासची आहे. पण तिचे बहुतेक नमुने म्हणजे दाबलेल्या रेघा. तिच्या आत पाण्याची नळी आहे हे दाखवायला १९९२ उजाडलं. रायनियाने आपलं पोट पहिल्यांदा उघडून दाखवलं म्हणून तिचं मोल.

किडस्टन आणि लँग यांनी १९१७ मध्येच ह्या बोडक्या वनस्पतींसाठी नवा गण केला. त्याचं नाव त्यांनी रायनीवरून ठेवलं नाही, मॅकींवरूनही नाही. ठेवलं सायलोफायटेलीज, डॉसनच्या सायलोफायटनवरून. डॉसन १८९९ मध्येच गेला होता. मॅकींचं नाव त्यांनी पुढे दुसऱ्या एका वनस्पतीला दिलं, अ‍ॅस्टेरोझायलॉन मॅकिआय. मला ही मांडणी फार आवडते. खबर आधी देणाऱ्याचं नाव वर, दगड आणणाऱ्याचं नाव आत, आणि स्वतःची नावं कुठेच नाहीत.

ही जातकुळी आज जिवंत पाहायची असेल तर? नोकरीच्या मध्यावर मी काही महिने पचमढीच्या लष्करी केंद्रात एका कोर्सला होतो. तिथे वनस्पतिशास्त्राच्या सहली सारख्या येतात, नागपूरच्या, जबलपूरच्या, पुण्याच्याही. एका रविवारी एक प्राध्यापक ओल्या खडकाच्या भेगेतली हिरवी झाडणी दाखवत विद्यार्थ्यांना सांगत होते, "नीट पाहा, ही सायलोटम. हीच जिवंत रायनिया." मीही मागे उभा राहून पाहिलं. दोन-दोन फाटे, पान म्हणावं असं काही नाही, खरं मूळ नाही, अंगावर बीजाणूंच्या पिवळसर गुंड्या. वहीतली आकृती उठून उभी राहिल्यासारखी वाटली. घरी पत्र लिहिलं त्यात हेच लिहिलं.

प्राध्यापकांचा दोष नाही, तेव्हा पुस्तकांत तसंच होतं. पण २००१ च्या सुमारास डीएनएची तुलना झाली आणि सायलोटम निघाली नेच्यांच्या गोतातली. मूळ आणि पान तिने सोडून दिलंय, तिला ते कधी मिळालंच नव्हतं असं नाही. संन्यासी आणि निर्धन दोघांच्या अंगावर एकच वस्त्र, म्हणून दोघे भाऊ ठरत नाहीत. रायनिया निर्धन होती. तिचा थेट वारस आज पचमढीला नाही आणि इतर कुठेही नाही.

रायनीचा काळ आपल्याकडे नाही, पण रायनीची युक्ती मात्र आहे, आणि ती मराठी मुलखाच्या अगदी दाराशी. नागपुरात हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप, हेही स्कॉटलंडचेच. धर्मोपदेशक म्हणून आले आणि कामठी-सिलेवाड्याच्या परिसरातले वनस्पतींचे जीवाश्म गोळा करत बसले. त्यांच्या संग्रहातल्या वनस्पतींवरचा निबंध चार्ल्स बन्बरी यांनी १८६१ मध्ये लंडनला छापला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटचं उत्खनन पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. आणि छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां आहे. तिथे दख्खनच्या दोन लाव्हांच्या मध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात सिलिका शिरली आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची फळं, खोडं, पाणनेचे चर्टमध्ये बंद झाले. काळ वेगळा, झाडं वेगळी, पण टिकवण्याची रीत रायनीचीच. बिरबल साहनींनी इथल्या वनस्पतींवर पुष्कळ लिहिलं. तिथल्या एका पाणनेच्याला त्यांनी १९४३ मध्ये भूवैज्ञानिक के. पी. रोडे यांच्यावरून रोडेइटिस हे नाव दिलं. साहनींच्या लखनौच्या संस्थेची कोनशिला नेहरूंनी ३ एप्रिल १९४९ ला बसवली. तिच्यात जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर आठवड्याच्या आत साहनी गेले.

गेल्या हिवाळ्यात मी सौंसरला एका नातलगाच्या लग्नाला गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्याने बांधावरचा मुठीएवढा करडा दगड उचलून दिला. "आमच्याकडे असले लई आहेत साहेब, नांगराला लागतात." तो मी भिलाईला आणला. आमच्या शेजारचे एक काका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेत. भट्टीच्या विटांचे काप घासण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांना सांगितलं, मॅकी काय करायचे ते. त्यांनी जुनी काच, राळ आणि घासायची पूड काढली. चार दिवस घासत होते, सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी दिवे लागणीपर्यंत. पहिला काप फुटला. दुसरा जमला.

नातवाच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी नुसता धूर दिसला. मग काकांनी आरसा जरा फिरवला आणि एका कोपऱ्यात गोल पेशींची रांग दिसली, आणि तिच्या शेजारी उभी कापली गेलेली एक नळी. काकांनी डोळा न काढता विचारलं, "कर्नल, ह्या नळीत आत तारेसारखं काय आहे?"